सोलवाल्याचे पडदे

हे मी लिहिणारच नव्हतो. तीनदा टाइप केलं, तीनदा पुसलं. गोष्ट बॉमसूची आहे, मी त्यात नुसता शेजारी बसलेला. पण आता लिहितोच.

बॉमसूला डॉक्टर व्हायचं होतं. त्याची धाकटी बहीण हॉस्पिटलच्या वाटेवर टेम्पोत जन्मली आणि टेम्पोतच गेली. सत्तर किलोमीटरवर हॉस्पिटल. तेव्हापासून हा पोरगा पुस्तकातून डोकं वर काढेना.

शहरातल्या मेडिकल कॉलेजात खेड्यातल्या मुलांसाठी थोड्या जागा असतात. शाळेनं शिफारस करायची, तीही एकाचीच. अट एक: मुलगा आणि आईबाप, तिघंही सहा वर्षं गावात राहिलेले हवेत. खरोखर राहिलेले. नुसता कागदावर पत्ता चालत नाही.

मार्कांत पुढे दोघंच. बॉमसू आणि युनगॉल.

युनगॉल सहावी संपवून राजधानीतून, सोलहून आला होता. सहा वर्षं झाली तरी गाव त्याला सोलवालाच म्हणायचं. बोलणं सोलचं, बूट सोलचे. घर बंदराच्या वरच्या अंगाला, पडदे दिवसासुद्धा ओढलेले. आई बाजारात दिसायची. बाप कुणालाच दिसला नव्हता.

"बाप सोलमध्येच आहे लेका," बॉमसू म्हणायचा. "दातांचा डॉक्टर ना तो? दवाखाना सोडून इथे कालवं सोलायला येईल का? बायकोपोराला इथे ठेवलंय, पोराला जागा मिळावी म्हणून."

"तू बघितलंस?"

"बघायचं काय त्यात! पडदे सांगतात."

मग एका रविवारी आम्ही दोघं समोरच्या लसणाच्या शेतात बसून ते घर बघत राहिलो. चार तास. पडदा हलला नाही. दाराबाहेर पुरुषाच्या चपला नाहीत.

"खुलेआम चोरी," बॉमसू म्हणाला. त्यानं कपड्यांची माती झटकली. मग म्हणाला, "जाऊ दे. चुगली मला जमत नाही."

ऑगस्टच्या शेवटी शिक्षण कार्यालयात तक्रार गेली. निनावी. ‘बारावीच्या वर्गातल्या एकाचे वडील गावात राहत नाहीत,’ एवढंच सरांनी वर्गात सांगितलं. तक्रारीत त्या मुलाचंही नाव नव्हतं, म्हणून अर्ज करणाऱ्या सगळ्यांची घरं तपासायचं ठरलं.

बॉमसूनं मला कोपरानं ढोसलं. "बघ आता गंमत."

आधी सोलवाल्याचं घर. तपासायला आलेल्या बाईंनी बेल वाजवली, तर बापानंच दार उघडलं. अंगात बनियन, डोळ्यांवर काळा चष्मा, हातात शेवयांचं भांडं. डोळ्यांचं दुखणं होतं, उजेड सोसत नव्हता. दवाखाना विकूनच ते इथे आले होते. न्हाणीत टूथब्रश तीन.

मग बॉमसूचं घर. त्याच्या आईचं सूपचं दुकान, मागे दोन खोल्या. मी तिथेच बसलो होतो. काकूंनी बाईंना बसवलं, गरम सूप दिलं. बाईंनी सूपला हात लावला नाही. न्हाणीत गेल्या, बाहेर आल्या.

"टूथब्रश दोनच?"

"ते येतात तेव्हा सोबत आणतात ना," काकू म्हणाल्या.

"येतात म्हणजे? कुठून?"

काकू माझ्याकडे बघायला लागल्या. मी सूपच्या वाटीकडे.

बॉमसूचे वडील चार वर्षं दूर उल्सान शहरात कारखान्यात होते. कालवांचा धंदा बसला म्हणून गेले. महिन्यातून दोन रविवार घरी. पत्ता इथलाच, घर इथलंच, आजेपणजे इथल्याच टेकडीवर पुरलेले. आपण बाहेरचे ठरू, हे कुणाच्या मनातच आलं नव्हतं. ना त्याच्या, ना काकूंच्या. नियम सोलवाल्यांसाठी असतो असंच सगळे धरून चालले होते.

शिफारस युनगॉलला गेली. बॉमसूचा अर्ज पात्रच नव्हता. खुल्या जागांएवढे मार्क त्याला नव्हते, ते त्यालाही ठाऊक होतं.

मग बॉमसू तक्रार करणाऱ्याला शोधायला लागला. सोलवाल्यानंच केलं, म्हणाला. मग म्हणाला, मिरान, तिसरा नंबर तिचा, दुसरं कोण असणार? मग चक्क गावच्या प्रमुखावर संशय. बाजारातून जाताना प्रत्येकाच्या तोंडाकडे बघायचा. काकूंच्या दुकानातल्या नेहमीच्या गिऱ्हाइकांशीही बोलेना.

"वर्गातलाच आहे, चानू," तो मला म्हणायचा. "रोज माझ्याशी हसतोय."

परवा तपासणीच्या निकालाचं पत्र आलं, सोबत तक्रारीची प्रत. तो दुकानाच्या मागे पातीचा कांदा चिरत होता. हात पुसून त्यानं मोठ्यानं वाचलं.

"‘घराचे पडदे कायम बंद असतात. कितीही वेळ पाहिलं तरी वडील दिसत नाहीत. दारात पुरुषाच्या चपला नाहीत.’" तो थांबला. "पडदे? आमच्याकडे पडदे आहेतच कुठे?"

मी चिरलेला कांदा गोळा करायला लागलो.

"शेवट ऐक. ‘यांच्यामुळे एका गरीब, हुशार मुलाची हक्काची जागा जाते आहे.’" त्याला हसू आलं. मग ते गेलं. "हे माझ्याविरुद्ध नाहीच रे. हे कुणीतरी माझ्यासाठी केलंय."

आतून काकूंनी आवाज दिला, दोन वाट्या सूप. तो उठला नाही.

"तुझं डोकं कॉम्प्युटरमध्ये चालतं ना? शोधून दे मला तो. मारणार नाही. फक्त विचारायचंय, सोलवाल्याचं नाव लिहायला काय झालं होतं त्याला?" त्यानं कागद माझ्यापुढे धरला. "वचन दे."

मी कागद घेतला. वाचला नाही. तो मला पाठच होता.

"शोधतो," मी म्हणालो. "वचन."