अहो, टाका!

"माझ्या विद्यार्थ्यांनी आजवर एकाही पेशंटला हात लावलेला नाही!" डॉ. खरवंडीकरांनी पाहुण्यांना छाती फुगवून सांगितलं. ऑपरेशन थिएटरमध्ये विद्यार्थ्यांनी फक्त तोंडानं सांगायचं, बाकी सगळं रोबो करणार.

टेबलावर पेशंटचं पोट उघडलेलं होतं. त्याच्या भावानं दिलेली किडनी रोबोच्या एका हातात होती. इतक्यात एका रक्तवाहिनीतून रक्ताची चिळकांडी उडाली. ओवी सातपुते या विद्यार्थिनीची बोबडीच वळली. टाका घाला, एवढंच तिला सांगायचं होतं.

"टाका! अहो, लवकर टाका!"

"टाकतो, मॅडम," रोबो म्हणाला आणि त्यानं किडनी कचऱ्याच्या बादलीत टाकली.

"सर, तुम्ही तरी हात घाला ना!" ओवी रडकुंडीला आली. "रक्त थांबत नाहीये!"

"मी? अगं, मी फक्त शिकवतो!" सर मागे सरकले आणि रोबोवर खेकसले, "अरे गाढवा, आवर! आवर आधी!"

"आवरतो, सर."

रोबोनं चिमटे, कात्र्या गोळा केल्या, पेशंटवर चादर घातली आणि जाताना दिवे बंद केले.