उरलेली रिबीन

सुट्टीची गर्दी होती, आणि वैमानिकांच्या नातेवाइकांना फुकटच्या तिकिटावर उरलीसुरलीच सीट मिळायची. गेटवरची मुलगी कॉकपिटच्या दारात घुटमळली. “कॅप्टन, एकच सीट उरलीय. तुमच्या आई की सासूबाई?” कॅप्टन क्षणभरही अडखळला नाही. सासू रुसली तर घरात वर्षभर धुसफूस. आई काय, समजून घेते. “सासूबाईंना घ्या.” मागे राहिलेल्याचं सामानही उतरवतात. खिडकीतून आईची बॅग परत जाताना दिसली. ओळखू यावी म्हणून तिने बॅगेला लाल रिबीन बांधली होती. मुलाच्या विमानात बसायला ती वीस वर्षं थांबली होती. विमान मागे सरकू लागलं. टर्मिनलच्या काचेमागे आई उरलेली रिबीन हलवत होती. “त्या आजी तुम्हालाच हात करतायत,” म्हणत सहवैमानिकाने हात उचलला. “कुणाची तरी आई असेल.” कॅप्टनने गॉगल चढवला. “हात नको हलवूस, नाहीतर उभीच राहील.”