उशाजवळचं बटण

वृद्धाश्रमांची तपासणी करणं ही माझी नोकरी. बाबांसाठी जागा शोधताना मीच अव्वल शेरा दिलेला वृद्धाश्रम डोळे झाकून निवडला. आज भेटायला गेले तर बाबा ओल्या पायजम्यात बसलेले. “बटण दाबून नर्सला बोलवायचं ना?” मी चिडले. “सकाळपासून दाबतोय गं.” मी दाबून पाहिलं. कुणी फिरकलं नाही. वायर चाचपत कॉटखाली वाकले, तर तिचं टोक भिंतीपर्यंत पोचलंच नव्हतं. कॉटच्या पायाला बँडेजच्या पट्टीनं नीट बांधून ठेवलेलं. तपासणीच्या दिवशी चाळीसपैकी तीनच बटणं दाबली होती मी, मेट्रनबाईंनी दाखवलेली. तिन्ही वेळा नर्स धावत आली होती. “मला आधी का नाही सांगितलंत?” बाबांनी मान खाली घातली. “बाहेर भिंतीवर ते सर्टिफिकेट लावलंय ना, त्याखाली तुझी सही आहे. म्हटलं, माझ्यापायी उगाच तुझ्यावर बालंट यायला नको.”