डोळ्याचा इमा

नर्सनं बारीक कात्रीनं बायनाबाईच्या उजव्या डोळ्याच्या पापण्यांचे केस कापायला घेतले, तसा तिचा नवरा आश्रुबा बाकावरून उठला.

"सिस्टरबाई, जरा थांबा," तो म्हणाला.

पालमच्या शाळेत डोळ्यांच्या ऑपरेशनचं सरकारी शिबिर भरलं होतं. दिवाळीची सुट्टी होती. बाकं व्हरांड्यात काढून वर्गांत सतरंज्या अंथरल्या होत्या.

आश्रुबाच्या मागं दत्तराव उभा होता. साखर कारखान्याच्या लेबर ऑफिसातला कारकून. ऊसतोडीच्या माणसांचा कारखान्यानं विमा उतरवला होता, आणि ती कामं दत्तराव बघायचा. शिमग्याच्या सुमाराला ट्रक भरताना वरची मोळी निसटली आणि उसाचा बुडखा बायनाबाईच्या डोळ्यावर बसला. डोळा फुटला नाही, पण आत पांढरा पडदा धरला. डावा डोळा लहानपणीच देवीत गेलेला. सगळा उन्हाळा आणि पावसाळा ती आश्रुबाच्या हाताला धरून चालली होती.

"बाई, घाई करू नका," दत्तराव बायनाबाईला म्हणाला. "पुढच्या महिन्यात इमा कंपनीचा डॉक्टर तपासायला येनार हाय. डोळा गेला असं त्यानं लिहून दिलं की काम झालं. आज ऑपरेशन केलं अन् दिसायला लागलं, तर मागायचं कशाच्या जोरावर?"

"डोळा बरा करायला इमा काय देत न्हाई?" तिनं विचारलं.

"न्हाई. गेला तरच."

बायनाबाईनं आवाजाच्या दिशेला तोंड वळवलं. "मग त्यो डोळ्याचा इमा न्हाई, दत्तराव. आंधळेपनाचा हाय."

दत्तराव हसला. आश्रुबा हसला नाही. तो तिच्याजवळ उकिडवा बसला. "अगं, बैलजोडी हुईल. पुना कारखान्यावर जायचं काम न्हाई. एक महिन्याची तर बात हाय."

"बैल आनताल. मला काय कळंल, बैलं तांबडी हायती का पांढरी?"



तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. बॅटरीच्या उजेडात त्यांनी डोळा पुन्हा तपासला. आश्रुबानं चाचरत विचारलं, महिनाभर थांबलं तर चालंल का. त्यांनी बॅटरी बंद केली.

"मोतीबिंदू फुगलाय. डोळ्यात दाब वाढलाय. महिनाभर थांबलात तर आतली नस मरेल. मग मीच काय, कुणीच काही करू शकणार नाही. आत्ताही मी खात्री देत नाही. पण आज करायला हवं." त्यांनी कागद आणि शाईचा डबा पुढं केला. "संमतीचा अंगठा लागेल. नवरा कोण?"

"आश्रुबा, लावू नगंस," दत्तराव हळूच म्हणाला. मिळणाऱ्या पैशातला आपला वाटा त्यानं आश्रुबाकडून आधीच कबूल करून घेतला होता.

आश्रुबानं डब्याकडं बघितलं. हात पुढं केला नाही. मागंही घेतला नाही.

"डोळा माझा," बायनाबाई म्हणाली, "अन् अंगठा ह्येंचा कामून?"

डॉक्टरीणबाईंनी कागद तिच्याकडं वळवला. मग म्हणाल्या, "तुमचाही चालेल."

"आदी वाचून दाखवा. काय लिवलंय ते ऐकू द्या."

त्यांनी वाचलं. ऑपरेशनची माहिती मिळाली आहे, ते राजीखुशीनं करून घेत आहे, आणि दृष्टी आली नाही तर त्याची जबाबदारी आपली स्वतःची राहील.

"ऐकलंस?" दत्तराव तिच्यावर आवाज चढवून म्हणाला. "डोळा गेला तर जिम्मेदारी तुझी. मग माझ्याकडं यायचं न्हाई. इमाबी न्हाई अन् कारखानाबी न्हाई."

"आतापतोर कुनाची होती?"

तिनं हात पुढं केला. नर्सनं अंगठा शाईत बुडवला आणि कागदावर नेला. बायनाबाईनं तो असा दाबला, की शाई कडेनं बाहेर आली.

दत्तराव निघून गेला. तिला आत न्यायला नर्स आली तेव्हा आश्रुबा उभा राहिला आणि त्यानं नेहमीसारखा हात पुढं केला. तिनं तो धरला. दारापाशी आल्यावर सोडला.

पट्टी सुटेपर्यंत तिला मान हलवायची मनाई होती. आश्रुबा तिला चमच्यानं भाताची पेज भरवायचा. बैलांचं नाव त्यानं काढलं नाही. तिनंही काढलं नाही. फक्त एका दुपारी तो आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाला, "अंगठा मीच लावायला पायजे होता." ती म्हणाली, "पेज गार व्हायलीय."

पट्टी सुटली. आधी सगळं धुरकट होतं. डॉक्टरीणबाईंनी जाड भिंगाचा चष्मा तिच्या नाकावर चढवला. तिनं खिडकी बघितली, खिडकीचे गज बघितले. मग आश्रुबाचं तोंड बराच वेळ न्याहाळलं.

"दाढी कवा करनार?" ती म्हणाली. आश्रुबानं तोंडाला उपरणं लावलं.

पालमच्या स्टँडवर गंगाखेडची गाडी यायची होती. दोघं कठड्यावर बसले होते. समोरच्या हॉटेलातून दत्तराव बाहेर आला. त्याच्या हातात चहाची बशी होती. आश्रुबानं मान खाली घातली. दत्तराव जवळ येऊन वाकला, आणि तिच्या चष्म्यासमोर बोटं नाचवत म्हणाला,

"काय बाई, दिसतंय का मग?"

बायनाबाईनं बोटांकडं बघितलं नाही.

"दिसतंय," ती म्हणाली. "तुमीबी दिसायलाव."