माळ्याचं घर

"त्या नव्या माणसाची बोटं पाहिलीस?" जेबेझ हॉलम्बी बायकोला म्हणाला. "एवढी लांब बोटं कुदळीसाठी नसतात. तो बोलर आहे."

थॉमसिनने पाव कापता कापता मानही वर केली नाही. "माळी आहे म्हणतात."

"मलाही माळीच म्हणतात की!"

"हो, आणि चौदा वर्षांत तुला गाजर कुठलं नि तण कुठलं ते कळलं नाही."

जेबेझला हसू आलं नाही. अठराव्या शतकात इंग्लंडच्या केंटमधले क्रिकेटवेडे उमराव माळी असो की कोचवान, कामावर घेण्याआधी त्याच्या हातात चेंडू देऊन बघत. इथल्या साहेबांनी जेबेझलाही असंच आणलं होतं. पगार माळ्याचा, घर माळ्याचं. काम एकच, साहेबांच्या संघासाठी बोलिंग. पण गेल्या वर्षापासून गुडघा कुरकुरत होता. दुसरा बोलर आला की हे घर सोडावं लागणार, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

तो नव्या माणसावर पाळत ठेवू लागला. एलायस विकेन्डन त्याचं नाव. हा एलायस वाकून चिमटीत माती घेई, अंगठ्याने दाबून बघे. सामन्याच्या सकाळी खेळपट्टीची जागा ठरवताना बोलर नेमकं हेच करतात. त्याच्या खोलीत फडक्यात बांधलेलं काहीतरी गोल होतं. तो बाहेर गेल्यावर जेबेझने गाठ सोडली. आत फुलांचे कंद निघाले.

"लपवायलाही हुशार आहे," जेबेझ पुटपुटला.

शेवटी शनिवारी त्याने एलायसला मैदानावर गाठलं आणि चेंडू त्याच्या हातात कोंबला.

"टाक."

"मी, दादा?"

"सोंग पुरे. त्या दोन दांड्या दिसतात ना? टाक."

पहिला चेंडू खंदकात गेला. दुसरा चरणाऱ्या मेंढीच्या पाठीत बसला. तिसऱ्या वेळी एलायस स्वतःच पाय अडकून आडवा झाला. जेबेझ नजर रोखून त्याची पावलं बघत होता. असं पडायचं नाटक कुठल्याच बोलरला जमलं नसतं.

कित्येक महिन्यांनी जेबेझ पोट धरून हसला. मग तसाच लंगडत कारभारी क्रम्पकडे गेला.

"कारभारी, फसवलंय हो तुम्हाला! त्या विकेन्डनला एक चेंडू सरळ टाकता येत नाही. आजच हाकला त्याला."

क्रम्पने लेखणी खाली ठेवली. "बस, जेबेझ."

"बसायला वेळ कुणाला आहे? विचारा हवं तर त्या मेंढीला!"

"बस म्हणतो ना. दोन दिवस मी तुला कसं सांगावं तेच बघतोय." क्रम्प खिडकीबाहेर पाहत राहिला. "साहेबांना आता घोड्यांच्या शर्यतींचा नाद लागलाय. संघ मोडला त्यांनी. यापुढे माळी म्हणून त्यांना माळीच हवाय."