लाईट कोण खातं?

चुडाव्यात गिरण्या दोन. मुंजाजीची विजेवरची आणि रस्त्याच्या अलीकडे सरजाबाईची, जुन्या डिझेल इंजिनाची. डिझेल महाग म्हणून तिचं दळणही महाग. लाईट गेली तरच गिऱ्हाईक तिच्याकडे वळायचं. हल्ली लाईट जायचीच बंद झाली होती, आणि घरात इंजिन भंगारात द्यायची बोलणी चालली होती.

त्यात सून पंकजा फोनवर त्या एआयला सारखं काहीबाही विचारत बसायची. म्हातारीच्या ते डोळ्यांत खुपायचं.

"दिसभर काय इचारायलीस गं त्या फोनला?"

"आत्याबाई, लय हुशार हाय हे. फक्त लाईट लय खातंय म्हणं. ज्याच्याकडं लाईट स्वस्त, त्योच देश ह्याच्यात पुढं जाणार."

"मंग आपल्या गिरणीवानीच की," सरजाबाई पुटपुटली. "मुंजाजीचं स्वस्त, म्हणून त्यो पुढं."

पंकजानं फोनला पुढचा प्रश्न विचारला, आणि नेमकी लाईट गेली. मुंजाजीची गिरणी घरघरत थांबली. डबे उचलून सगळी रांग रस्ता ओलांडून इकडे आली. दुपारपर्यंत सरजाबाईचं इंजिन धडधडत होतं, आणि ती मधूनमधून सुनेच्या फोनकडे मोठ्या मायेनं बघत होती.

मग लाईट आली. समोर मुंजाजीच्या गिरणीचा पट्टा फिरायला लागला, तशा रांगेतल्या बाया डबे घेऊन परत निघाल्या.

सरजाबाई पिठाच्या हातानंच घरात धावली.

"पंकजे, गप कामून बसलीस गं? इचार की त्याला आजून कायतरी, चांगलं अवघड बघून!"