दिवस मावळायच्या आत

वरूडच्या अलीकडे जमुनाबाईंनी तिसऱ्यांदा गाडी थांबवायला लावली, तेव्हा साडेअकरा वाजले होते आणि तेल्हारा अजून अडीचशे किलोमीटर दूर होते.

“आता काहून, आई?” कुंदनने विचारले.

“संत्री घ्याची हायेत. अन् तूही काही खाऊन घे.”

“मुलताईले खाल्लं ना.”

“दोन घासांनं काय होते? पोटभर खाय.”

कुंदनने स्टिअरिंगवरचे हात काढले नाहीत. नऊ दिवसांच्या प्रवासाचा हा शेवटचा दिवस. आज पचमढीत उजाडायच्या आधीच त्याला चुलतभावाचा, गोपालचा, फोन आला होता.

“मोतीराममामा गेले. राती अकोल्याले नेलं होतं, पण काही उपेग झाला नाही. तुमच्यासाठीच थांबून हाओत, दिवस मावळायच्या आत या. काकूले आताच सांगू नको. लंबा रस्ता हाये.”

मामा म्हणजे जमुनाबाईंचा पाठचा एकुलता भाऊ. त्याच गल्लीत चार घरे सोडून राहणारा. लहानपणी त्यांनी त्याला कडेवर घेऊन वाढवले होते. ती बातमी घरापर्यंत आपण एकट्यानेच वाहून न्यायची, असे कुंदनने त्या काळोखात ठरवले. आईला आणि धाकट्या बहिणीला, रागिणीला, त्याने एवढेच सांगितले, की कापूस वेचायला बाया मिळाल्या आहेत, बाबांनी लवकर बोलावले आहे. वेचणीसाठीच तर बाबा, नत्थुजी, मागे राहिले होते. सकाळपासून त्यांचा फोन नुसता वाजत होता. मयतीच्या घरी माणसांच्या गर्दीत त्यांना तो ऐकू तरी कसा येणार?

रस्त्याकडेला संत्री विकणाऱ्या माणिकबाईंच्या पालाखाली केशरी ढीग उन्हात चमकत होते. रागिणी एकेक फळ हातात घेऊन चाचपत राहिली.

“किती दाबून पाह्यतं, पोरी? संत्रं हाये, जावई नाही,” माणिकबाई म्हणाल्या.

रागिणी हसली आणि लगेच तोंड फिरवून रस्त्याकडे पाहू लागली. ही पोर एरवी शब्दाला शब्द दिल्याशिवाय राहत नसे.

“इतकी कोणासाठी?” कुंदनने पिशवीकडे पाहत विचारले.

“मोतीरामच्या घरी लेकरं हायेत. त्यायले होतीन.”

कुंदनने पिशवी घाईने उचलली. विषय बदलावा म्हणून तो म्हणाला, “अन् बाबांसाठी?”

“त्यायले आंबट चालत नाही,” जमुनाबाई म्हणाल्या आणि गाडीत जाऊन बसल्या. सोललेले अख्खे संत्रे कुंदनने संपवेपर्यंत त्यांनी दार लावू दिले नाही. स्वतः मात्र एक फोडही तोंडात घातली नाही. मळमळते, म्हणाल्या.

मोर्शी गेली, अमरावती गेली. दोन्ही अंगांनी पांढरी फुटलेली कपाशी मागे सरकत होती आणि कुंदनला वाटत होते, की सरकते आहे ती फक्त वेळ. गाडी जागच्या जागीच उभी आहे. आरशात त्याला आई दिसे. पदर डोळ्यांवर ओढलेला. झोपली असेल, तर बरेच. नंतर कितीतरी रात्री झोप कुठली!

“हळू, दादा,” रागिणी दर पाच मिनिटांनी म्हणे. “कोणी मागं लागलं हाये काय?”

“तुले गाडी येते काय? मंग गप बस.”

मूर्तिजापूरला पुन्हा आईचा आवाज आला. “चहा घेऊ, बाबू. तुह्या डोयावर झापड येऊन राहिली.”

त्याचा संयम सुटला. “आई, असा उशीर करत बसशीन, तर मंग तूच पस्तावशीन.”

बोलून गेल्यावर तो चरकला. आता आई विचारेल, काहून? आणि आपल्याला खोटे सांगता येणार नाही. पण जमुनाबाई शांतपणे म्हणाल्या, “जे थांबलं हाये, ते थांबन. तू सावकाश चालव.”

चहा घेतला. अकोला ओलांडले. ऊन तिरपे झाले, मग पिवळे झाले. तेल्हाऱ्याच्या वेशीशी आले, तेव्हा सूर्य कपाशीच्या शेंड्यांवर टेकला होता. निदान भावाचे तोंड तरी तिला दिसेल, असे मनाशी म्हणत कुंदनने गाडी गल्लीत वळवली. आता सांगायलाच हवे होते. कोणत्या शब्दांत, एवढेच त्याला ठरवता येत नव्हते.

मामांच्या दाराला कुलूप होते.

माणसे चार घरे पुढे, कुंदनच्याच घराच्या अंगणात बसली होती. कुंदनचा पाय ब्रेकवर आपोआप दाबला गेला. गर्दीतून एक माणूस उठला, उपरण्याने डोळे पुसत गाडीपाशी आला आणि त्याने मागचे दार उघडले. ते मोतीराममामा होते.

“ताई,” मामांनी हळूच विचारले, “गोपालनं पोराले माह्या नावानं बोलावलं. मी फोनवर तुले सांगतलं, ते भाऊजीचं त्याले सांगतलं काय?”

“नाही,” जमुनाबाई म्हणाल्या. “गाडी तोच चालवत होता ना.”